चित्रांच्या गावातून बुरुजाकडे





'चला, पाहू या' या पाठमालेत आजवर आम्ही तुम्हाला मांडू, महेश्वर, धार अशा जवळच्या ठिकाणी नेले. या वेळी जरा लांब जायचे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयता इटलीतील तुरीन शहरी पुतणीकडे गेलो होतो. तेथून एका रविवारी सर्वांनी मिळून वर्नांते नावाच्या एका डोंगरी गावी पायी सैर केली. अंतर थोडे, चढण सोपी. बरोबर सात वर्षांचा नातू आणि गुडघ्यांची तक्रार असलेले आम्ही. दोघांनाही झेपेल अशी वाट. परंतु त्या वाटेने आम्हाला जो धडा दिला तो तितका सोपा नव्हता. तो तुमच्यापुढे, आणि विशेषतः पालक व विश्वस्त मंडळींपुढे ठेवावासा वाटला, म्हणून हा पाठ.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरात होती, दप्तरात नव्हती. तेव्हा लिखाणात कुठे हिंदीची छटा डोकावली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. आमच्या परिपत्रकांतील ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारून परत पाठवणारे पालक आहेतच. त्यांचे आम्ही मनापासून आभारी आहोत.

१. गाव कुठे आहे?

मुलांनो, युरोपचा नकाशा समोर घ्या. इटलीचा आकार बुटासारखा आहे हे तुम्ही भूगोलात वाचले आहे. त्या बुटाच्या वरच्या भागात, डाव्या हाताला, फ्रान्सच्या सीमेला लागून पिएमोंते नावाचा प्रांत आहे. या नावाचा अर्थच 'डोंगराचा पायथा' असा आहे. डोंगर म्हणजे आल्प्स. तुरीन ही या प्रांताची राजधानी. तुरीनच्या दक्षिणेला कुनेओ नावाचे शहर लागते. तेथून एक रेल्वे वर्मेनान्या नदीच्या खोऱ्यातून वर वर चढत जाते. खोऱ्याच्या माथ्यावर १,८७१ मीटर उंचीची टेंडा खिंड आहे आणि खिंडीपलीकडे फ्रान्स.

या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वर्नांते आहे. वस्ती हजार-बाराशेची. आपल्या इंदूरची एखादी कॉलनी याहून मोठी असते. आम्ही सकाळी तुरीनहून निघालो, कुनेओला गाडी बदलली आणि डब्यातील पोळी-भाजी संपेपर्यंत वर्नांतेच्या छोट्याशा स्टेशनात उतरलो.

२. भिंतीवरची गोष्ट

स्टेशनातून गावाच्या गल्लीत शिरलो आणि नातू एकदम ओरडला, "आजोबा, पिनोकियो!"

पाहतो तर एका घराच्या भिंतीवर लांब नाकाचा लाकडी मुलगा. पुढच्या घरावर त्याला लाकडातून कोरणारा म्हातारा जेपेत्तो. आणखी पुढे लबाड कोल्हा आणि आंधळ्याचे सोंग घेतलेले मांजर. गल्ली जिकडे वळते तिकडे गोष्ट वळते. गावात अशी दीडशेहून अधिक भित्तिचित्रे आहेत. त्यांसाठी वेगळी दालने नाहीत की तिकीट नाही. ज्या भिंतीआड माणसे राहतात, स्वयंपाक करतात, त्याच भिंतींवर ती रंगवली आहेत.

चित्रे गोष्टीच्या क्रमाने पाहायला मिळत नाहीत. शेवट आधी भेटतो, सुरुवात नंतर. म्हणून आम्ही नातवाला एक खेळ दिला. दिसेल ते चित्र मनात ठेवायचे आणि चढणीवर बसून क्रम लावायचा. तो मराठी छान बोलतो. पण अक्षरे त्याला इटालियनच येतात, कारण शाळा तिथली. आम्हाला इटालियनचा एक शब्द कळत नाही. त्यामुळे झाले असे की, दुकानांवरच्या, वाटेवरच्या पाट्या तो वाचायचा, आम्हाला मराठीत सांगायचा आणि आम्ही शाळेतल्या मुलासारखे ऐकायचो. साठीजवळचा मुख्याध्यापक आणि सात वर्षांचा गुरुजी! त्या दिवशी आम्हाला बरे वाटले आणि कुठेतरी टोचलेही. तो मराठी गोष्ट सांगू शकतो, वाचू शकत नाही. आपल्या शाळेतही अशी मुले किती आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे.

३. ही चित्रे कोणाची?

पिनोकियोची कथा लिहिली कार्लो लोरेन्झिनी (१८२६–१८९०) या फ्लॉरेन्सच्या लेखकाने. त्याच्या आईचे गाव कोल्लोदी. तेच नाव त्याने लेखनासाठी घेतले. १८८१ पासून ही कथा मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. लेखकाने मध्येच, पिनोकियोला झाडाला लटकवून, कथा संपवली होती. बालवाचकांना ते मान्य झाले नाही आणि कथा पुढे चालू करावी लागली. १८८३ मध्ये तिचे पुस्तक निघाले.

म्हणजे लेखक फ्लॉरेन्सचा. मग डोंगरातल्या या गावाचा संबंध काय?

संबंध आहे तो चित्रकाराचा. आत्तिलियो मुस्सिनो हा तुरीनचा चित्रकार, जन्म १८७८. त्याने या कथेसाठी काढलेली रंगीत चित्रे १९११ मध्ये फ्लॉरेन्सहून प्रसिद्ध झाली आणि खूप गाजली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो वर्नांतेला आला, येथेच राहिला आणि १९५४ मध्ये येथेच वारला. म्हणजे या गावी तो जन्मला नाही, शिकला नाही, आणि ती प्रसिद्ध चित्रेही त्याने येथे काढली नाहीत. आयुष्याची शेवटची काही वर्षे तेवढी येथे काढली.

त्याच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी, १९८९ मध्ये, गावातील दोघांनी त्याची आठवण म्हणून त्याची चित्रे भिंतींवर रंगवायला सुरुवात केली. ब्रुनो कार्लेत्तो आणि बार्तोलोमेओ कावाल्लेरा ही त्यांची नावे. गावात त्यांना 'कार्लेत' आणि 'मेओ' म्हणतात. एका भिंतीचे दुसरीला लागून काम वाढत गेले आणि गावाची ओळखच बदलली.

मुलांनो, येथे थांबून विचार करा. लेखक परका, चित्रकार पाहुणा. तरीही आज पिनोकियोचे गाव म्हणून वर्नांतेचे नाव घेतात. एखादी गोष्ट आपली होते ती केवळ वारसा मिळाल्याने होत नाही. तिच्यासाठी हातात कुंचला घ्यावा लागतो.

४. विकलेली अंकलिपी

चढणीच्या तोंडाशी एका बाकावर बसलो. नातवाने पाहिलेली चित्रे आठवून क्रम लावला आणि गोष्ट सांगितली. सिनेमातून पिनोकियो पाहिलेल्यांना मूळ पुस्तकातील एक प्रसंग बहुधा ठाऊक नसतो. तो येथे सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर आहे.

पिनोकियोला शाळेत जायचे असते. जेपेत्तो अतिशय गरीब. तो मुलाला फुलाफुलांच्या कागदाचा अंगरखा, झाडाच्या सालीचे जोडे आणि पावाच्या मऊ भागाची टोपी करून देतो. पण अंकलिपीला पैसे कुठून आणणार? बाहेर बर्फ पडत असते. जेपेत्तो आपला ठिगळे लावलेला जुना कोट अंगावर चढवून जातो आणि थोड्या वेळाने नुसत्या सदऱ्यावर, हातात अंकलिपी घेऊन परत येतो. कोट कुठे गेला, असे पिनोकियो विचारतो. म्हातारा म्हणतो, उकडत होते, विकून टाकला.

मुलाला सारे कळते. तो गळ्यात पडतो. खूप शिकायचे, असे ठरवून शाळेला निघतो. वाटेत त्याला पिपाणी आणि ढोल ऐकू येतात. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ लागलेला असतो, तिकीट चार पैसे. पिनोकियो तेथेच जुने कपडे विकत घेणाऱ्याला ती नवी कोरी अंकलिपी चार पैशांना विकून टाकतो.

नातू एवढे सांगून म्हणाला, "वाईट केलं ना त्यानं? आबांनी कोट विकला होता." मग लगेच विचारले, "आजोबा, तुमच्या शाळेच्या भिंतीवर काय आहे?"

आम्ही उत्तर दिले नाही. का, ते पुढे येईलच.

५. बुरुजाची चढण

गावाबाहेर पाऊलवाट झाडीतून वर जाते. चढ हळूहळू आहे. मध्ये मध्ये टेकत, पाणी पीत गेलो तर आमच्यासारख्यांनाही जड नाही. वर खडकाच्या एका सोंडेवर जुन्या किल्ल्याच्या भिंतींचे अवशेष उभे आहेत. गावकरी त्याला 'तुरुसेला' म्हणतात. बांधकाम तेराव्या शतकातले, टेंडा खिंडीच्या परिसरावर वेंतिमिल्या घराण्याची सत्ता होती त्या काळचे.

एवढ्या आडबाजूला किल्ला का? उत्तर आहे मीठ. पिएमोंतेला समुद्र नाही. मिठाशिवाय माणसाचे चालत नाही, जनावरांचे चालत नाही, मांस आणि चीज टिकत नाही. भूमध्य समुद्राच्या काठचे मीठ खेचरांच्या पाठीवरून टेंडा खिंडीतून उत्तरेला यायचे. ज्याच्या हातात वाट, त्याच्या हातात जकात. वर बसलेल्या पहारेकऱ्याला खालचे सारे खोरे दिसत असे. आम्ही वर उभे राहिलो तेव्हा खाली रेल्वेचे रूळ, रस्ता आणि गावाची छपरे अशी दिसली की, जणू कोणी पाटावर मांडून ठेवली आहेत.

पुढे दिवस बदलले. १८८२ मध्ये खिंडीखालून बोगद्याचा रस्ता सुरू झाला. १९२८ मध्ये रेल्वे पलीकडे नीसपर्यंत गेली. १९४७ मध्ये सीमा बदलली आणि खिंडीपलीकडचे टेंडा गाव इटलीतून फ्रान्समध्ये गेले. आपण इंदूरकरांना हे नवीन नाही. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य भारत जाऊन मध्यप्रदेश आला. घरे होती तिथेच राहिली, पाट्या बदलल्या.

तुम्ही मांडूला अशर्फी महालापाशी गेला असाल तर तेथील विजयस्तंभाचा उरलेला पाया पाहिला असेल. मेवाडच्या राण्यावर विजय मिळवला म्हणून माळव्याचा सुलतान महमूद खिलजी याने तो सात मजली मनोरा बांधला होता. गंमत अशी की, त्याच काळात मेवाडच्या राणा कुंभाने महमूद खिलजीवरील विजयाची खूण म्हणून चित्तोडला नऊ मजली विजयस्तंभ उभारला, तो १४४८ मध्ये पूर्ण झाला. दोघेही म्हणतात, आम्ही जिंकलो! इतिहासाचा अभ्यास करताना एकाच बाजूचा दगड वाचू नये तो यासाठी. चित्तोडचा स्तंभ आजही उभा आहे, मांडूचा पडला. वर्नांतेचा बुरूजही पडला.

वर बसल्या बसल्या आमच्या मनात आले ते असे. दगड सर्वांत पक्का आणि रंग सर्वांत कच्चा, असे आपण समजतो. येथे उलटे दिसते. बुरुजाचे काम संपले, त्याची निगा राखणारे गेले, आणि फूट-फूट जाडीच्या भिंती ढासळल्या. खाली गावात मात्र नखाने खरवडला जाईल असा रंग टवटवीत दिसतो. उघड्यावरचा रंग ऊन, पाऊस आणि बर्फ यांनी उतरतोच. तो पुन्हा द्यावा लागतो. ज्याला पुन्हा रंग देणारा हात आहे ते टिकते. ज्याला नाही ते दगडाचे असले तरी पडते.

६. त्या गावाची बोली

आणखी एक गोष्ट आम्हाला तेथे कळली. या खोऱ्यातील जुन्या लोकांची घरची भाषा इटालियन नाही. ती आहे ऑक्सितान. ही भाषा दक्षिण फ्रान्समध्ये आणि इटलीच्या या डोंगरी खोऱ्यांत बोलली जाते. मध्ययुगात तिच्यात मोठे काव्य झाले. इटलीने १९९९ च्या ४८२ क्रमांकाच्या कायद्याने ज्या बारा अल्पसंख्य भाषांना मान्यता दिली, त्यांत ऑक्सितान आहे. वर्मेनान्या खोऱ्याचे 'कुरेंतो' आणि 'बालेत' हे नाच आजही अकॉर्डियन आणि क्लॅरिनेटच्या साथीवर होतात.

म्हणजे या मुलांची घरची बोली एक आणि शाळेची भाषा दुसरी. पिनोकियोचे पुस्तक शाळेच्या भाषेतले. १८६१ मध्ये इटली एक देश झाला तेव्हा इटालियन बोलणारे लोक फार थोडे होते. बहुतेक जण आपापली बोली बोलत. अशा काळात ज्या पुस्तकांनी मुलांना एक समान भाषा हसत-खेळत शिकवली, त्यांतले हे एक. त्या भाषेवर वर्नांतेचा राग दिसत नाही. भिंतीवर पिनोकियो आहे आणि सणाला कुरेंतो आहे.

आम्हाला हे जवळचे वाटले. हिंदीने आम्हाला शिक्षण दिले, नोकरी दिली, मित्र दिले. तिचे ऋण आम्ही कधी नाकारणार नाही. परंतु आजी ज्या भाषेत ओव्या म्हणायची ती भाषा आम्ही पुस्तकातून वाचायला शिकलो ते वयाच्या तिशीत, या शाळेत नोकरीला लागल्यावर, पहिलीच्या मुलांच्या पुस्तकावरून. एक भाषा आली म्हणून दुसरी आपोआप जात नाही. पण दुसरी आपोआप टिकतही नाही.

७. आपल्या भिंती

मुलांनो, भिंत रंगवायला इटलीला जायला नको. आपल्या माळव्यात पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाची संजा घालतात, फुलांच्या पाकळ्या लावतात, संध्याकाळी गाणी म्हणतात आणि रोज नवा आकार काढतात. सोळा दिवसांनी ती विसर्जित होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा येते. दिवाळीला अंगणात मांडणे काढतात, आपल्या घरी रांगोळी. हे सगळे पुसले जाणारेच आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे.

शिवाय हे इंदूर आहे. १९२७ मध्ये येथे चित्रकला विद्यालय सुरू करणारे दत्तात्रय दामोदर देवळालीकर मराठीच. त्यांच्या हाताखाली शिकलेले नारायण श्रीधर बेंद्रे १९१० मध्ये याच शहरात जन्मले आणि पुढे देशातील मोठ्या चित्रकारांत गणले गेले. वाळकी पाने, काटक्या, टाकाऊ वस्तू यांतून चेहरे आणि पशुपक्षी उभे करणारे विष्णू चिंचाळकर गुरुजी (१९१७–२०००) याच शहरात राहिले. ज्येष्ठ पालकांपैकी अनेकांनी त्यांना पाहिले असेल. आपल्या किती विद्यार्थ्यांना ही तीन नावे माहीत आहेत? आम्ही प्रार्थनेच्या वेळी विचारले. बोटांवर मोजण्याइतके हात वर आले. यात मुलांचा दोष नाही. आम्ही कधी सांगितले नाही.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येतो.

आपल्या शाळेची दर्शनी भिंत एका कोचिंग क्लासला जाहिरातीसाठी भाड्याने द्यावी, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. प्रस्ताव वाईट हेतूने आलेला नाही. पाचवीच्या वर्गाचे छत गळते. पावसाळ्यात बाके सरकवून बसावे लागते. भाड्याच्या पैशातून ते काम होईल. खरे सांगायचे तर बैठकीत या प्रस्तावाला पहिला होकार आमचाच होता. सुट्टीवर जाण्यापूर्वी आम्ही तशी टिप्पणीही लिहून दिली होती. म्हणून त्या बाकावर आम्हाला उत्तर सुचले नाही.

आणि भिंत ही तर दिसणारी गोष्ट. न दिसणारी दुसरी आहे. गेली दोन वर्षे परीक्षा जवळ आली की मराठी वाचनाची तासिका गणिताला दिली जाते. हा निर्णयही आमचाच. पालकांनी विरोध केला नाही, उलट काहींनी धन्यवाद दिले. गणित हवेच, त्यात वाद नाही. पण आपल्या पूर्वजांनी आपले कोट विकून जी अंकलिपी आणली, ती आम्ही चार गुणांसाठी विकत होतो, हे आम्हाला वर्नांतेच्या चढणीवर उमगले. ही चूक आम्ही येथे लिहून कबूल करतो.

आपली दगडी इमारत हा आपला बुरूज आहे. तिचा आम्हा सर्वांना अभिमान आहे, वर्धापनदिनी तिचे फोटो निघतात. मराठीची तासिका हा आपला रंग आहे. इमारत उभी राहील आणि आत मराठी वाचणारे मूल नसेल, तर पुढची पिढी तिच्याकडे आम्ही तुरुसेलाकडे पाहिले तसे पाहील. 'जुने काहीतरी आहे, वरून देखावा चांगला दिसतो,' एवढेच म्हणेल.

म्हणून आमची विनंती अशी :

विश्वस्त मंडळींना : आमची आधीची टिप्पणी आम्ही मागे घेत आहोत. छताचे काम थांबवू नये. मागील गल्लीकडची भिंत भाड्याने द्यायची असल्यास आमची हरकत नाही. पैसे कमी येतील, हे आम्हाला समजते. उरलेल्या रकमेसाठी माजी विद्यार्थ्यांना पत्रे लिहिण्याचे काम आम्ही स्वतः करू. फाटकाजवळची, रोज मुलांच्या नजरेस पडणारी भिंत मात्र एक वर्ष मुलांच्या हाती द्यावी. वर्षअखेर ती पाहून निर्णय घ्यावा. तो आम्ही मान्य करू.

पालकांना : मराठी वाचनाची तासिका यापुढे कोणत्याही विषयाला दिली जाणार नाही. गणिताचा जादा वर्ग शाळेच्या वेळेआधी घेऊ. तुमच्याकडून रोज दहा मिनिटे हवीत. मुलाला वाचून दाखवू नका, मुलाकडून वाचून घ्या. अडखळले तर हसू नका. आम्ही तिशीत अडखळत होतो.

विद्यार्थ्यांना : भिंतीवर काय काढायचे ते तुम्ही ठरवायचे आहे. अट एकच, चित्राखाली मराठीत एक वाक्य असले पाहिजे आणि ते तुम्हीच लिहिलेले असले पाहिजे. दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी उतरलेला रंग पुन्हा द्यायची जबाबदारी त्या वर्षीच्या आठवीकडे राहील.

८. गोष्टीचा शेवट

पिनोकियोच्या कथेचा शेवट बहुतेकांना 'लाकडाचा मुलगा खरा मुलगा झाला' एवढाच ठाऊक असतो. पण त्याआधी काय होते ते पाहा. मोठ्या माशाच्या पोटातून तो जेपेत्तोला सोडवून आणतो. आजारी म्हाताऱ्याला पेलाभर दूध मिळावे म्हणून तो पहाटे उठून रहाट फिरवतो आणि शंभर बादल्या पाणी काढतो. वेताच्या टोपल्या विणायला शिकतो. आणि रात्री लिहायला-वाचायला बसतो. त्यासाठी त्याने शेजारच्या गावातून थोड्या पैशांत एक जाडजूड जुने पुस्तक विकत आणलेले असते. त्या पुस्तकाला मुखपृष्ठ नसते, अनुक्रमणिकाही नसते.

ज्याने नवी कोरी अंकलिपी विकली, त्यानेच फाटके पुस्तक विकत घेतले. तेव्हाच तो माणूस होण्याच्या जवळ आला होता, असे आम्हाला वाटते. परीची जादू नंतरची.

तुरीनहून निघताना नातवाने पहिल्यांदाच देवनागरीत आपले नाव लिहून आम्हाला दिले. 'र' उलटा काढला आहे. तो कागद आम्ही कार्यालयात टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. ज्याला पाहायचा असेल त्याने यावे.

स्वाध्याय

१. पिएमोंतेला मीठ कोणत्या मार्गाने येत असे? त्या वाटेवर किल्ला बांधण्याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.

२. मांडूचा आणि चित्तोडचा विजयस्तंभ कोणी उभारला? दोघांनीही विजयाचा दावा का केला असेल? वर्गात चर्चा करा.

३. जेपेत्तोने कोट विकल्याचे खरे कारण मुलाला का सांगितले नाही? तुमच्या घरात असे कोणी काही केले आहे का? आजी-आजोबांना विचारून दहा ओळी लिहा.

४. उपक्रम : घरापासून शाळेपर्यंत चालत या आणि वाटेतील भिंतींवर काय काय लिहिले आहे त्याची यादी करा. किती जाहिराती, किती चित्रे, किती मराठी, किती हिंदी, किती इंग्रजी? यादी वर्गशिक्षकांकडे द्यावी. आम्ही प्रत्येक यादी वाचणार आहोत.

५. उपक्रम : फाटकाजवळच्या भिंतीसाठी एक चित्र आणि त्याखालचे एक वाक्य सुचवा. वाक्य बारा शब्दांपेक्षा मोठे नसावे. ऱ्हस्व-दीर्घ तपासून द्यावे. ज्यांना शंका असेल त्यांनी आमच्याकडे न येता त्या लाल शाईवाल्या पालकांकडे जावे!



आपले,
मुख्याध्यापक